‘टक’ वाजतं आणि गाडी गप्प: दोष सोलेनॉइडचा की आणखी कशाचा?

प्रश्न: नमस्कार. मी चिपळूणला राहते, गुहागर रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवते आणि रोज स्वतः गाडी चालवत जाते. गाडी छोटी, पेट्रोलवरची, २०१३ची. २०२१च्या जुलैमधल्या पुरात गाडीत सीटपर्यंत पाणी आलं होतं. तेव्हा सगळी साफसफाई करून घेतली, पुढे ती व्यवस्थित चालली. गेले चार महिने मात्र चावी फिरवली की बॉनेटखालून एकदाच ‘टक’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. दिवे लख्ख असतात. तीन-चार वेळा चावी फिरवल्यावर कधीतरी सुरू होते. शाळा सुटल्यावर वाटेत पेट्रोल पंपावर किंवा बाजारात थांबले, की हमखास अडते. बॅटरी नवी घातली, फरक पडला नाही. एक मेकॅनिक म्हणतो सोलेनॉइड गेलाय, दुसरा म्हणतो पूर्ण सेल्फच बदला. माझे दीर पान्याने सेल्फवर ठोकतात आणि गाडी सुरू होते. कोणाचं ऐकायचं? मला स्वतःला काही तपासता येईल का?

उत्तर:

ताई,

येईल, आणि ते तुम्ही जरूर तपासा. अर्धं काम तुम्ही केलेलंच आहे. ‘टक’ एकदाच वाजतं, दिवे लख्ख असतात आणि गाडी तापल्यावर जास्त अडते, या तीन गोष्टी तुम्ही नीट टिपल्यात. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगतात, मग पुढचा अर्धा तास प्रश्न विचारण्यात जातो.

आधी बॉनेटखाली काय घडतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी मोटर. आपल्या गॅरेजमधला हा शब्द ‘सेल्फ-स्टार्टर’मधला उरलेला अर्धा भाग. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी माणूस पुढून हँडल मारायचा, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. ही मोटर लहान दिसते, पण छोट्या पेट्रोल गाडीतही ती फिरताना शंभर-दीडशे अँपिअर ओढते. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर घेतो. म्हणजे पंचवीस-तीस हेडलाइट एकदम लावावेत एवढा करंट. तो चावीच्या नाजूक स्विचमधून गेला तर स्विच वितळेल. म्हणून मध्ये सोलेनॉइड असतो.

सेल्फच्या पाठीवर बसवलेला छोटा डबा, तो सोलेनॉइड. चावीकडून एक बारीक वायर त्याला येते. चावी फिरली की आतल्या कॉइलचं चुंबक होतं आणि लोखंडी प्लंजर ओढला जातो. हा प्लंजर एकाच वेळी दोन कामं करतो. एका टोकाने काट्याला ढकलून सेल्फचं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये अडकवतो. दुसऱ्या टोकाला तांब्याची चकती असते, ती दोन जाड तांब्याच्या कॉन्टॅक्टवर आपटते आणि बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो. तुम्ही ऐकता तो ‘टक’ या प्लंजरचा.

मग ‘टक’ झालं याचा अर्थ काय? चावीपासून सोलेनॉइडपर्यंत करंट पोचला आणि प्लंजर हलला. इग्निशन स्विच, रिले, फ्यूज, बारीक वायर ही मंडळी निदान जिवंत आहेत. काहीच आवाज झाला नसता, तर मी तुम्हाला आधी तिकडे पाठवलं असतं. ‘किट-किट-किट’ असा भराभर आवाज आला असता, तर बॅटरी नाहीतर तिचे टर्मिनल म्हटलं असतं. त्यात होतं असं, की चकती टेकते, मोटर करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, कॉइलची पकड सुटते, चकती मागे येते, व्होल्टेज पुन्हा सावरतं आणि हाच खेळ चालू राहतो. बॅटरी ठणठणीत असूनही किट-किट होत असेल तर सोलेनॉइडची धरून ठेवणारी कॉइल तुटलेली असू शकते. आत दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. आणि मोटर नुसतीच ‘घुर्रर्र’ करून मोकळी फिरत असेल, इंजिन मात्र हलत नसेल, तर दोष दातेरी चाकाला मोटरशी जोडणाऱ्या भागाचा, म्हणजे बेंडिक्सचा.

तुमचा आवाज यांपैकी कुठलाच नाही. एकच भरीव ‘टक’ झालं, तर प्लंजर गेला पण मोठा करंट मोटरमध्ये शिरला नाही, किंवा शिरला तरी परत यायला वाट मिळाली नाही.

या परतीच्या वाटेकडे कोणीच बघितलेलं दिसत नाही, आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत माझा पहिला संशय तिच्यावर आहे. सेल्फला बॅटरीचा प्लस जाड केबलने येतो, पण मायनस सेल्फच्या अंगातून इंजिनात, इंजिनातून अर्थच्या (म्हणजे अर्थिंगच्या) पट्टीने बॉडीत आणि तिथून बॅटरीत जातो. काही गाड्यांत इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून थेट बॅटरीपर्यंत केबल असते. ही केबल किंवा पट्टी बोल्टखाली गंजली, की दीडशे अँपिअर तिथून जाऊ शकत नाहीत. सोलेनॉइडला मात्र त्या मानाने थोडा करंट पुरतो, म्हणून ‘टक’ होतं. आणि दिवे? दिव्यांचा अर्थ बॉडीला असतो, इंजिनाला नाही. त्यामुळे इंजिनाचा अर्थ पूर्ण खराब असला तरी दिवे लख्ख राहतात. ‘दिवे चांगले आहेत, म्हणजे सेल्फच गेला’ हा निष्कर्ष इथेच फसतो.

तुमची गाडी पुरातून गेलेली. त्यात कोकणातला पावसाळा आणि खारी हवा. पुराचं पाणी केबलच्या रबरी आवरणात टोकाकडून चढतं आणि वर्षानुवर्षं तांबं आतून खात राहतं. बाहेरून केबल काळी कुळकुळीत दिसते, आत हिरवी भुकटी झालेली असते. मी धंद्यात नवा असताना एका जीपवाल्याचा सेल्फ बदलून दिला होता. दोन दिवसांनी तो परत आला, तीच तक्रार. दोष गिअरबॉक्सखालच्या अर्थच्या पट्टीचा निघाला. सेल्फचे पैसे मी त्याला परत केले, पण त्याच्या दोन दिवसांच्या भाड्याचं नुकसान मला भरून देता आलं नाही. तेव्हापासून अर्थ मोजल्याशिवाय मी सेल्फला पाना लावलेला नाही.

अर्थ तपासायला एक जंपर केबल पुरते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक घट्ट ओढलेला. केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा. दुसरं टोक इंजिनाच्या एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या जाड बोल्टला, पण बेल्ट आणि पंख्यापासून लांब. आता चावी फिरवा. रडणारी गाडी एकदम जोरात फिरली, तर तुमचा दोष अर्थचा आणि उपाय काहीशे रुपयांच्या केबलचा. फरक पडला नाही, तर अर्थ जवळजवळ निर्दोष ठरला. एक पथ्य मात्र पाळा: ही परीक्षा गाडी अडलेली असतानाच घ्या. सकाळी सुरळीत चालू होणारी गाडी गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिकला काहीच दिसत नाही, मग तो अंदाजाने भाग बदलतो. तुमची बॅटरी बहुधा अशीच बदलली गेली. जंपर केबल डिकीत ठेवा आणि पेट्रोल पंपावर अडली की तिथेच, पंपाच्या नळ्यांपासून गाडी ढकलून लांब नेऊन, लावून बघा.

अर्थची आणखी एक खूण. पुन्हापुन्हा चावी फिरवल्यावर क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल कोमट लागली, तर करंट आपली नेहमीची वाट सोडून त्या केबलमधून परत चाललाय असं समजा. मग गाडी चालवत राहू नका, केबल जळते.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टीमीटर बाजारात काहीशे रुपयांत मिळतो आणि तुमच्यासारख्या शिकवणाऱ्या माणसाला तो वापरायला दहा मिनिटांत येईल. शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत असेलच एखादा. हाताशी दुसरं माणूस हवं, एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने बघायचं. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, ओढणी खोचून घ्या. बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला एकाच वेळी बांगडी टेकली तर ती क्षणात लाल होते.

पहिला आकडा बॅटरीचा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मग चावी फिरवताना त्याच ठिकाणी बघा. इंजिन फिरत असताना ९.६च्या खाली जाता कामा नये. तुमच्याकडे ‘टक’ होऊन गप्प बसते तेव्हा हा आकडा बहुधा १२च्या आसपासच राहील, कारण मोठा करंट वाहतच नाहीये. तो एकदम ८-९वर कोसळला, तर माझं इथवरचं म्हणणं बाजूला ठेवा. मग नवी बॅटरीच कच्ची आहे, किंवा सेल्फ आतून जाम आहे.

दुसरा आकडा अर्थचा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा, क्लॅम्पवर नाही, कारण कधीकधी खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येच घाण असते. दुसरी पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. चावी फिरवताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. दोन, पाच, आठ व्होल्ट दिसले तर सेल्फला हात लावायची गरजच नाही.

तिसरा आकडा खुद्द सोलेनॉइडचा, आणि याच्यावर तुमच्या दोन मेकॅनिकचं भांडण मिटतं. सोलेनॉइडच्या मागच्या बाजूला दोन जाड बोल्ट असतात. एकावर बॅटरीची जाड केबल, दुसऱ्यावरून तांब्याची आखूड जाड पट्टी किंवा वेणी मोटरच्या अंगात जाते. या दोन बोल्टांमध्ये मीटर लावला की चावी न फिरवता १२ व्होल्ट दिसतात, कारण आतला खटका उघडा आहे. चावी फिरवल्यावर ‘टक’ होताच हा आकडा जवळजवळ शून्यावर, ०.३ व्होल्टच्या आत यायला हवा. ‘टक’ झालं, पण आकडा १२वरच राहिला किंवा दोन-तीन व्होल्टवर अडकला, तर चकती कॉन्टॅक्टला टेकत नाहीये. सोलेनॉइड दोषी, शंका नको. आकडा शून्यावर आला, अर्थही चांगला आहे, आणि तरी मोटर हलली नाही, तर दोष मोटरच्या आत आहे. मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत नाहीतर आर्मेचर, म्हणजे तो फिरता भागच, गेला.

हे बोल्ट काही गाड्यांत वरून हाताला लागतात, काहींत एअर फिल्टर काढावा लागतो, काहींत गाडीखाली जावं लागतं. खाली जावं लागत असेल तर हा तिसरा आकडा मेकॅनिकला घ्यायला सांगा. जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली तुम्ही शिरू नका, तुमच्या दिरांनाही शिरू देऊ नका. मेकॅनिकला एवढंच म्हणा, ‘भाऊ, दोन बोल्टांमध्ये व्होल्ट मोजून दाखवा, मग काय ते बदलू.’ जाणता माणूस या वाक्यावर रागावत नाही.

गाडी तापल्यावरच का अडते, याचंही उत्तर देतो. सेल्फ बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळ असतो. गाडी धावताना वारा लागतो, थांबल्यावर वारा बंद आणि इंजिनाची उष्णता तिथेच साठते. पंपावरची ती पाच-दहा मिनिटं सगळ्यांत वाईट. तांब्याची कॉइल ६० अंशांनी जास्त तापली की तिचा रेझिस्टन्स जवळपास चतुर्थांशाने वाढतो, करंट साधारण एक पंचमांशाने घटतो आणि चुंबकाची ओढ कमी पडते. कॉन्टॅक्ट नवे असते तर एवढ्या ओढीतही काम झालं असतं. झिजलेल्या कॉन्टॅक्टपर्यंत चकतीला थोडं जास्त जावं लागतं, दाबून बसावं लागतं, आणि नेमका तोच जोर उरलेला नसतो. इथे बारीक वायरचा व्होल्टही एकदा बघून घ्यावा. चावी फिरवलेली असताना तिच्यावर बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी असला तर चालतं. तीन-चार व्होल्ट कमी दिसले, तर सोलेनॉइड निर्दोष असून उपाशी आहे. तेव्हा इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट बघायचे, नाहीतर वेगळा रिले टाकून घ्यायचा.

दिरांच्या पान्याबद्दल. त्यांचा उपाय चालतो, हे खरं आहे. ठोक्याने अडकलेला प्लंजर सरकतो, चकती किंचित फिरून तिची न जळलेली कड कॉन्टॅक्टवर येते, नाहीतर झिजलेला कार्बन पुन्हा टेकतो. म्हणूनच ठोकल्यावर सुरू झाली, यावरून सोलेनॉइड की कार्बन ते ठरत नाही. एवढं कळतं, की अर्थ चांगला निघाला तर दोष बहुधा सेल्फच्या अंगातच आहे. पण तुमच्या गाडीच्या काळातल्या कितीतरी गाड्यांच्या सेल्फमध्ये आतून चिकटवलेले कायमचे चुंबक असतात. ते ठिसूळ. जोरात ठोकलं की चुंबकाचा तुकडा उडतो आणि मोटर जाम होते. मग मात्र पूर्ण सेल्फ बदलावा लागेल. अगदी अडचणीतच, लाकडी दांड्याने, हलका टोला, तोही सोलेनॉइडच्या डब्यावर. रोजचा उपाय म्हणून नको.

आणि स्क्रू-ड्रायव्हरने दोन बोल्ट जोडून ‘डायरेक्ट’ मारण्याचा प्रयोग कोणी दाखवला तर त्याला हात जोडून थांबवा. तिथली जाड केबल सहसा फ्यूजशिवाय थेट बॅटरीतून येते. ठिणग्या उडतात, बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, आणि गाडी चुकून गिअरमध्ये असेल तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर जाते.

आता समजा आकडा सोलेनॉइडकडेच बोट दाखवतो. तरी पूर्ण सेल्फ घ्यायची घाई करू नका. बऱ्याच मॉडेलचा सोलेनॉइड सुटा मिळतो, आणि तो पूर्ण सेल्फपेक्षा खूप स्वस्त पडतो. ज्याचं मागचं झाकण उघडतं, त्याचे नुसते कॉन्टॅक्ट आणि चकतीही बदलता येतात. जुने कारागीर चकती उलटी करून बसवतात, तेही काही काळ उत्तम चालतं. पॉलिश पेपरने कॉन्टॅक्ट घासून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका, घासलं की तांब्याची उंची आणखी कमी होते आणि चकती आणखी लांब राहते. गाडीला बारा-तेरा वर्षं झालीत, सेल्फ एकदा उतरवलाच तर कार्बन आणि मोटरच्या दांड्याला आधार देणारे बुशही बघून घ्या, उतरवण्या-चढवण्याची मजुरी एकच आहे. तुमच्या गाडीत आणखी एक सांगेन: पुराच्या गाळाने प्लंजरच्या नळीत गंज धरला असेल, तो कोरड्या फडक्याने साफ करायला सांगा. तिथे ग्रीस भरू नये, धूळ धरून ते घट्ट होतं. काम सुरू करताना आधी बॅटरीचा मायनस काढायचा आणि शेवटी लावायचा. आणि जुना सोलेनॉइड मागून घ्या, झाकण उघडून बघा. एका बाजूला खाल्लेलं, काळं पडलेलं तांबं दिसलं की निदान बरोबर होतं याची खात्री पटेल.

तोवर गाडी वापरावी का? ‘टक’ होऊन गप्प बसणं हे गैरसोयीचं आहे, धोक्याचं नाही. शाळेत गाडी उतारावर, तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा. गिअर हाताने टाकायची गाडी आहे असं धरून सांगतो, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडून ती उतारावर सुरू होईल. पण इंजिन सुरू होईपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, म्हणून समोर मोकळी जागा असेल तरच. चावी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या.

धोक्याची खूण वेगळी आहे, ती मात्र लक्षात ठेवा. जळके कॉन्टॅक्ट कधीकधी एकमेकांना चिकटून बसतात. मग इंजिन सुरू झालं, चावी सोडली, तरी सेल्फ किंचाळत फिरतच राहतो. चावी बंद करूनही तो थांबत नाही, कारण चावीचा आता संबंधच उरलेला नसतो. दोन-तीन मिनिटांत तो जळतो, केबल पेट घेऊ शकते. तसं झालं तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि बॅटरीचा मायनस क्लॅम्प काढून टाका. बहुतेक गाड्यांत त्याला १० नंबरचा पाना लागतो. तो आजच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, आणि क्लॅम्पचा नट एकदा सैल करून पुन्हा घट्ट करून बघा, गंजून बसला नसल्याची खात्री होईल. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

गाडी पुढच्या वेळी अडेल तेव्हा आधी जंपर केबल लावा, मग तिन्ही आकडे एका कागदावर लिहून घ्या: बॅटरी, अर्थ, दोन बोल्ट. ते मला कळवलेत तर काय बदलायचं ते मी नक्की सांगू शकेन.